कोरलवर बोट खरचटलं, चार दिवसांनी लाल झालंय. काय करू?

फोंड्याचं खारं पाणी | २९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, दोन वर्षं झाली. रविवारी लेदर कोरलचा (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) दगड पंपाच्या धारेतून काढून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवत होतो. त्या दगडाला खालून जुन्या कोरलचा सांगाडा आहे. त्याची कड उजव्या हाताच्या तर्जनीला मधल्या पेरावर घासली. अर्ध्या इंचाचा ओरखडा, रक्ताचे दोन थेंब. नळाखाली धरलं, पट्टी चिकटवली आणि तोच हात परत पाण्यात घालून राहिलेलं काम उरकलं.

आज चौथा दिवस. ओरखडा भरलेला नाही, भोवती लाल झालंय, दाबलं की दुखतं, रात्री खाज सुटते. ताप नाही. आई हळद आणि खोबरेल लाव म्हणते, शेजारचे काका फेणी ओत म्हणतात. चवथ नऊ दिवसांवर आलीय आणि आमच्याकडे माटोळी (गणपतीच्या वर रानफळं टांगायची चौकट) बांधायचं काम दरवर्षी माझंच. कुणाला असा अनुभव आहे का?

दर्याकाठची | २९ ऑगस्ट, रात्री १०.०५

माझे पप्पा रापणीवर जायचे, त्यामुळे घरात असल्या जखमा नेहमीच्याच. शेंगट्याचा काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात धरून बसायचे, तास तासभर. पाकटाच्या काट्यालाही तेच. जेलीफिश लागला की माडाचा शिरको. कोरलला काय करतात ते पप्पांना माहीत नव्हतं, कारण जाळ्यात कोरल कधी आलंच नाही. पण गरम पाणी करून बघ भावा, त्याने वाईट तर काही होणार नाही.

त्वचेची डॉक्टर | २९ ऑगस्ट, रात्री ११.२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या घरीही मासे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बोट न पाहता निदान करता येत नाही, तेव्हा उद्या कुणाला तरी दाखवाच.

कोरलचा ओरखडा दिसतो तेवढा साधा नसतो. सांगाडा चुनखडीचा, कडेला धारदार आणि ठिसूळ. कातडी फाटताना त्याचे रव्यासारखे कण तुटून आत राहतात आणि ते आत असेपर्यंत जखम चिडलेलीच राहते. जिवंत कोरलच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यात दंशपेशी असतात. बारीक खाज आणि पुरळ बहुतेक त्यांच्यामुळे. आणि टाकीचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी त्यात जंतू असतातच. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, वर्षभर सव्वीस-सत्तावीस अंशांची ऊब. त्याच पाण्यात पट्टीसकट हात घातलात, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. पट्टीखाली पाणी शिरतं आणि तिथेच थांबतं.

खरं काम पहिल्या तासातलं असतं. हात टाकीबाहेर काढायचा, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साध्या साबणाने निदान पाच मिनिटं धुवायचा, नव्या मऊ ब्रशने जखम हलकेच घासायची. झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, तरी घासायची, कारण कण तिथेच निघतात. मग भिंगातून बघायचं, कण दिसला तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचंच असेल तर एकदाच. रोज फेस काढत बसलात तर नवी कातडी जळते. त्यानंतर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन, म्युपिरोसिनसारखं मलम, कोरडी पट्टी. पट्टी रोज बदलायची आणि बदलताना जखम बघायची. खोल जखम सुपरग्लूने चिकटवायचा मोह होतो, कारण कोरल चिकटवायला ती बाटली हाताशीच असते. ते करू नका, घाण आत कोंडली जाते.

तुमचा चौथा दिवस आहे, तेव्हा आता ब्रशने उकरू नका. बोट कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं धरा, साबणाने धुवा, कोरडं करा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. सकाळी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, बोट वाकवताना कळ आली, पू झाला, हातावर लाल पट्टा वर चढताना दिसला किंवा ताप आला, तर दुपारची वाट बघू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. असल्या मळक्या जखमेला ते पाच वर्षांच्या आतलं असावं लागतं.

दर्याकाठची ताई, तुझ्या पप्पांचं गरम पाणी शेंगट्याला आणि पाकटाला अगदी बरोबर आहे, कारण त्या काट्यांचं विष उष्णतेने निकामी होतं. घरी लायनफिश पाळणाऱ्यांनीही तेच करावं, साधारण पंचेचाळीस अंशांचं पाणी, अर्धा ते दीड तास. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यायचा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. कोरलच्या ओरखड्यात मात्र मुख्य भानगड आत राहिलेल्या कणांची आणि जंतूंची, तिथे धुणं आधी. शिरक्याचंही तसंच. फायर कोरलच्या दंशावर व्हिनेगर ओततात, न फुटलेल्या दंशपेशी त्याने थंडावतात. उघड्या जखमेची सफाई त्याने होत नाही.

फेणी नको. अल्कोहोलने उघडं मांस भाजतं आणि उरलेल्या दंशपेशी उलट फुटतात. आईंना सांगा, हळद-खोबरेल बंद कातडीवर लावायला माझी हरकत नाही, पण उघड्या ओरखड्यावर तेलाचा थर बसला की कण आत दडपतात आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की कमी होतेय तेच दिसत नाही.

फोंड्याचं खारं पाणी | ३० ऑगस्ट, दुपारी १.१५

डॉक्टरताई, मनापासून आभार. रात्रीच रेघ मारली. सकाळी लाली एका बाजूने रेघेच्या थोडी बाहेर होती, म्हणून लगेच गेलो. डॉक्टरांनी भूल देऊन भिंगाखाली बघितलं आणि दोन कण काढले, एक साखरेच्या दाण्याएवढा. इंजेक्शन झालं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. एवढासा दाणा बोटात होता आणि मला चार दिवस पत्ता नाही.

जुना टाकीवाला | ३० ऑगस्ट, रात्री ८.५०

बाबा रे, गेलास ते फार बरं केलंस. आता माझं ऐक, म्हणजे पुढचे तीन महिने बोटाकडे का बघायचं ते कळेल.

मी म्हापशाचा, टाक्या ठेवायला लागून तीस वर्षं होत आली. सहा वर्षांपूर्वी डाव्या हाताचं मधलं बोट असंच दगडावर घासलं. आठवड्यात भरलं, मी विसरलो. महिन्याभराने त्याच जागी वाटाण्याएवढी गाठ आली, जांभळट, फारशी न दुखणारी. औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणलं आणि लावत बसलो. गाठ थोडी बसली, मग फुटली, मग हाताच्या पाठीवर दुसरी आणि मनगटाच्या वर तिसरी, एका रेषेत. एकाने गळू म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने वाताची शंका घेऊन रक्त तपासलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? हाताचं विचारलं तेवढं मी सांगितलं, टाकीचं नावसुद्धा काढलं नाही. चार महिने असे गेले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरबाईंनी गाठी बघितल्या आणि पहिलाच प्रश्न केला, घरी मासे आहेत का?

गाठीचा तुकडा काढून तपासला. मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद म्हटल्यावर बायको घाबरली, नातवाला माझ्याजवळ येऊ देईना. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की हा माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा कुठे घर शांत झालं. दोन औषधं, साडेचार महिने, रोज. बरा झालो, पण ते बोट अजून पूर्ण मिटत नाही. पेला धरताना रोज आठवण होते.

म्हणून हात जोडून सांगतो. डॉक्टरकडे हात, बोट, मनगट, कसलंही दुखणं घेऊन गेलात तर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोला: "माझ्या घरी माशांची टाकी आहे."

त्वचेची डॉक्टर | ३० ऑगस्ट, रात्री १०.३०

काका, इतकं मोकळेपणाने लिहिलंत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तुमचं ते वाक्य सांगावंसं वाटतं.

हा जंतू पहिल्यांदा सापडला तोच मत्स्यालयात, १९२६ साली फिलाडेल्फियात मेलेल्या समुद्री माशांमध्ये. माणसाला त्याचा आजार होतो हे १९५१ मध्ये स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात गेलेल्यांमुळे कळलं. तलावांत क्लोरीन पडू लागलं तसं तिकडचं प्रमाण घटलं आणि आता बहुतेक रुग्ण मासे पाळणारे किंवा मासे हाताळणारे असतात. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, कधी कधी काही महिन्यांनी गाठ येते. एवढ्या अंतरामुळे ओरखडा आणि गाठ यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

तो बोटांतच का राहतो त्यालाही कारण आहे. त्याला तीस ते बत्तीस अंशांचं तापमान मानवतं, शरीराच्या आतली सदतीस अंशांची उष्णता नाही. बोटं, मनगट, कोपर थंड असतात. यातली गंमत नव्हे तर धोका असा की प्रयोगशाळेत नमुना नेहमीच्या सदतीस अंशांवर ठेवला तर जंतू वाढतच नाही आणि अहवाल कोरा येतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर टाकीचा उल्लेख हवा, की नमुना कमी तापमानाला आणि कित्येक आठवडे ठेवला जाईल.

काकांनी लावलेलं "खाजेचं मलम" मला रोज भेटतं. दुकानात मागितलं की जे ट्यूब हातात येतं त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. सूज उतरते, माणूस खूश होतो आणि जंतूला रान मोकळं मिळतं. कोरलच्या निव्वळ खाजेला सौम्य स्टेरॉइड चालतं, पण जंतुसंसर्ग नाही हे डॉक्टरांनी पाहिल्यावर.

खारं पाणी, तुम्ही माटोळीचं लिहिलंत म्हणून आणखी एक. कांगलं, घागऱ्या, सुपारीचे घोस आणायला रानात जाल, काटे लागतील. काट्यातून, मातीतून शिरणारी एक बुरशी आहे, स्पोरोथ्रिक्स. तिच्याही गाठी अशाच हातावर रेषेत चढतात आणि औषध पूर्ण वेगळं. पुढे गाठ आलीच तर टाकीही सांगा, माटोळीही सांगा. आणि यंदा दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्या.

डिचोलीचा गप्पी | ३१ ऑगस्ट, सकाळी ७.१०

माझ्याकडे गोड्या पाण्याचे गप्पी आणि एंजल. मला हे लागू नाही ना? आणि बाबांना मधुमेह आहे, टाकीचं पाणी तेच बदलतात.

त्वचेची डॉक्टर | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.००

लागू आहे. नाव मरिनम असलं तरी हा जंतू गोड्या पाण्यातही असतो.

बाबांना आजच थांबवा. व्हिब्रिओ नावाचे जंतू कोमट खाऱ्या पाण्यात असतात. निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही, पण मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर एका ओरखड्यातून काही तासांत हात सुजून काळपट फोड येऊ शकतात. असं दिसलं तर घरचे उपाय नकोत, १०८ ला फोन करायचा. तुमच्या टाकीचं पाणी गोडं आहे, धोका तेवढा नाही, तरी गोड्या पाण्यात इतर जंतू आहेतच आणि साखर जास्त असेल तर जखमा चिघळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे दर चौथ्या मोठ्या माणसाला ही काळजी घ्यायला हवी. पाणी बदलायचं तर कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि नळीने पाणी ओढताना तोंडाने चोखायचं अजिबात नाही.

समुद्रजीव शिकणारी | ३१ ऑगस्ट, दुपारी ४.२५

उशिरा वाचला धागा. खारं पाणी दादा, तुमच्या टाकीत झोआ (बटणांसारखी बारीक कोरलं) आहेत का? लेदरसोबत बहुतेक जण ठेवतात, म्हणून विचारते.

फोंड्याचं खारं पाणी | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

आहेत, दोन वसाहती. एक हिरवी-केशरी आणि एक तपकिरी, तिची तोंडं मोठी आहेत. तपकिरी फार पसरतेय. दिवाळीआधी तो दगड बाहेर काढून उकळत्या पाण्याने साफ करायचा विचार होता.

समुद्रजीव शिकणारी | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

दादा, कृपा करून उकळतं पाणी घालू नका! तपकिरी, मोठ्या तोंडाची म्हणजे झोआंचीच जातभाई पॅलिथोआ असण्याची शक्यता खूप आहे. पॅलिथोआमध्ये आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते १९७१ मध्ये वेगळं काढलं गेलं, आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप ते बिघडवतं. उतारा नाही. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर खोलीभर पसरतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमध्ये टाकीतलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव, ओठ-बोटं बधिर होणं, खोकला, धाप, थंडी-ताप, अंगदुखी. झोआला हात लावल्यावर काही तासांत यातलं काही जाणवलं तर सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), मडगाव-म्हापशाला जिल्हा रुग्णालय. तिथेही काकांचंच वाक्य पहिलं, आणि जोडीला "पॅलिटॉक्सिन" हा शब्द कागदावर लिहून न्या.

बोटावर ओरखडा असताना झोआ हाताळणं तर नकोच. तो दगड ब्रशने कोरडा घासणं, प्रेशरच्या पाण्याने धुणं, करवतीने कापणं हे सगळं टाळा. डोळ्यात तुषार गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून चष्मा. विष निकामी करायला घरातलं ब्लीच उपयोगी पडतं, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात, दगड अर्धा तास बुडवून, उघड्या जागी, हातमोजे घालून. त्या बादलीजवळ शिरको आणू नका, ब्लीच आणि व्हिनेगर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. आपल्याकडे दगडी कोरल, फायर कोरल, समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. वास्कोसमोर ग्रँड आयलंडला बुडी मारायला जाता तेव्हा तळाचा तुकडा उचलू नका, किनाऱ्यावर पडलेला मेलेलाही नको. तिथली वसाहत आधीच थोडी आहे, आणि ती कशी तग धरून आहे ते पाण्याखाली जाऊन पाहिल्यापासून मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हादईकाठची आई | १ सप्टेंबर, सकाळी ११.००

माझा सात वर्षांचा मुलगा टाकीत हात घालून झोआ मिटतात का ते बघतो. आजपासून बंद. टाकीच्या झाकणाला कडी बसवतेय. टाकीचे ब्रश आणि बादलीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे, तेही आजच अंगणातल्या नळावर हलवले. या धाग्याने डोळे उघडले.

जुना टाकीवाला | १ सप्टेंबर, दुपारी १२.३०

हातमोज्यांचं विचारणार असाल तर नायट्रिलचे घ्या, आणि कोपरापर्यंतचे जाड रबरी वरून. पातळ नायट्रिल सांगाड्याच्या कडेवर टरकन फाटतं. पावसाळ्यात हातमोजे आतून वाळत नाहीत, कुबट होतात, तेव्हा उलटे करून पंख्याखाली टांगा. काम झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, हातमोजे घातले होते तरीही.

फोंड्याचं खारं पाणी | १५ सप्टेंबर, रात्री ९.००

चवथ झाली. माटोळी धाकट्या चुलतभावाने बांधली, मी खाली उभा राहून सांगत होतो. गोळ्या संपल्या, लाली गेली, ओरखड्याच्या जागी गुलाबी कातडी आलीय. तपकिरी दगडाला हात लावलेला नाही.

फोंड्याचं खारं पाणी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

काल दसरा झाला. सात आठवडे झाले, गाठ नाही. बोट पूर्ण मिटतं. टाकीखालच्या कपाटात आता डबा आहे, त्यात साबण, नवा ब्रश, भिंग, चिमटा, आयोडीन, पट्ट्या. तपकिरी दगड काल अंगणात दोघांनी मिळून ब्लीचमध्ये बुडवला, चष्मा आणि दुहेरी हातमोजे घालून, मुलांना आजोळी पाठवून. टाकीवाले काका तीन महिने लक्ष ठेव म्हणाले होते, म्हणून बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबर संपेपर्यंतच्या प्रत्येक रविवारी लाल पेनने "बोट" असं लिहून ठेवलंय. आजचं बघून झालं.